बुटक्या गाडीवरून बिडकीनला

सांडू जिवरग म्हणजे माझा नवरा. समोर असला की मी त्याला 'अवो' म्हणते, 'तुम्ही' म्हणते. पण लिहिताना एकेरीच लिहिणार आहे. कुणाला खटकलं तर त्यानं पुढं वाचू नये.

सांडू फुलंब्री तालुक्यातला. तालमीत अंग कमावलेला, रंगानं काळासावळा, डोक्यानं तापट. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. कंपनीत त्याचं नाव कामापेक्षा हाणामाऱ्यांमुळं जास्त. युनियनच्या भांडणात त्यानं एका सुपरवायझरला कँटीनच्या टेबलावर आडवा केला होता. ही गोष्ट तो लग्नकार्यात पंगतीला बसला की अजून सांगतो. दर वेळी तो सुपरवायझर थोडा उंच होतो.

सोनिया, आमची एकुलती एक मुलगी, रांगायला लागली त्या सुमारास त्यानं बुलेट आणली. जुनी, जड, किक मारताना पोटरी सोलून काढणारी. तिला त्यानं फटाके फोडणारा सायलेन्सर बसवून घेतला. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत ती शिरली की कुत्री उठून बाजूला व्हायची. गाडीवर बसला की सांडू स्वतःला ठाणेदार समजायचा. कुणी कट मारला, कुणी मागून हॉर्न वाजवला, की त्याला गाठून, सीटवर बसल्या बसल्याच कानाखाली द्यायचा. वरून मारलेली नीट बसते, असं तो मला एखादी रेसिपी सांगावी तसं सांगायचा. रिक्षावाले, टेम्पोवाले, एकदा तर देवळाबाहेर चुकीची गाडी लावलेला एक पुजारी, सगळे त्याच्या हातचं खाऊन झालेले.

मलाही मारायचा. हे आत्ताच सांगून टाकते, कारण ते लपवून या माणसाबद्दल काही लिहिता येणार नाही. भाजीत मीठ कमी पडलं, पाहुण्यांसमोर मी जास्त बोलले, त्याच्या भावाला उलट उत्तर दिलं, काहीही पुरायचं. एकदा अशी बसली की दाढ हलली आणि पुढं ती काढावी लागली. निवृत्तीनंतर मारणं कमी झालं. लोक म्हणतात, सांडू सुधारला. सुधारला कसला, खांदा दुखायला लागला.

सोनियाला आम्ही बिडकीनला दिली. व्याही काकासाहेब, गावात वजन असलेला माणूस. थोडी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, थोडी राहिलेली, आणि त्या राहिलेल्या जमिनीत गावाबाहेर वस्तीवर घर. जावई ऋतुराज. बोलायला गोड, वाकून पाया पडणारा. विहीणबाई आधीच वारलेल्या, त्यामुळं सासूचा त्रास नाही म्हणून आम्ही खूश. मूर्खासारखे खूश.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. फोनवर बोलता बोलता सोनिया मध्येच 'ठेवते' म्हणायची. ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून घरी आली. मी बाही वर करायला गेले तर हात झटकून उठली आणि भांडी घासायला बसली. मी काय ओळखत नाही होय ती बाही? मी स्वतः घातलेली आहे.

"अवो, सोनियाचं काहीतरी बिघडलंय," मी सांडूला म्हटलं. "तो पोरीला मारतोय."

"येडी हाय का तू? मी जातो ना दर महिन्याला," तो म्हणाला. "माझी बुलेट वस्तीकडं वळली की जावई थरथर कापतो. पळत येतो गेटात. त्याची काय बिशाद!"

त्याचं जाणं कसलं, ते मला पुढं कळलं. गुडघा कामातून गेला होता. घरी तो बुलेट ओट्याला लावायचा आणि ओट्यावर उभा राहून, कसाबसा पाय पलीकडं टाकून बसायचा. बिडकीनच्या गेटापाशी ओटा नव्हता. खाली उतरला की परत चढताना जावयाचा हात धरावा लागला असता, आणि जावयाचा हात धरण्यापेक्षा सांडूनं विष खाल्लं असतं. म्हणून तो गेटातच, गाडीवर बसूनच चहा घ्यायचा. सोनिया कप घेऊन यायची, तो दोन शब्द बोलायचा आणि तसाच मागं फिरायचा. लेकीच्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्यानं दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

मला सोबत ने म्हटलं तर माझंही वय झालेलं. बुलेटच्या त्या उंच सीटवर मी काय चढणार? आणि मी एकटी बसनं गेले की आधी फोन करून जावं लागायचं, कारण फाट्यावर घ्यायला जावईच यायचा. मग घर लख्ख आवरलेलं, सोनिया नवी साडी नेसलेली आणि ऋतुराज 'मामी, अजून एक घ्या' करत पुरणपोळी वाढणार.

मग ते क्रांती चौकातलं घडलं. सिग्नलला सांडूनं पाय टेकवला आणि तो खड्ड्यात गेला. बुलेट आडवी झाली, सांडू तिच्याखाली. मागच्या मोटारीतला पोरगा काच खाली करून म्हणाला, "काका, झेपत नाही तर घरी बसा ना." दोन माणसांनी गाडी उचलून सांडूला बाहेर ओढलं. त्यानं आभारबिभार काही मानले नाहीत. आधी हेल्मेटनं त्या मोटारीचा आरसा फोडला, मग दार उघडून पोराला कॉलर धरून बाहेर काढला आणि तोंडावर ठोसा ठेवून दिला. दुसरा ठोसा उगारला तेवढ्यात गुडघ्यानं दगा दिला. मारता मारता सांडू मटकन खाली बसला. भर चौकात, सगळे थांबलेले असताना. ज्याला मारत होता त्याच पोरानं नाकातलं रक्त पुसत त्याला धरून फुटपाथवर नेऊन बसवलं.

त्या दिवशी तो घरी आला आणि ताट भिंतीवर फेकलं. वरण छतापर्यंत उडालं. पडल्याचं दुःख नव्हतं, त्या पोरानं उचलल्याचं होतं.

शफीकभाई हा आमचा उस्मानपुऱ्यातला मेकॅनिक. बुलेटचं सगळं त्याच्याच हातचं. सांडू गाडी घेऊन त्याच्याकडं गेला, मीही गेले.

"सांडूभाई, गाडी को कुछ नै हुआ," शफीकभाई म्हणाला. "आप को हुआ है."

सांडूनं पाना फेकून मारला. शफीकभाई सवयीनं खाली वाकला, पाना उचलून जागेवर ठेवला आणि कोपऱ्यातली एक गाडी पुढं ढकलत घेऊन आला. अंगानं लांब, पण बुटकी. सीट खोलगट आणि रुंद, हँडल हाताशी आलेलं, पाय ठेवायची जागा पुढं, मागं बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी. बटण दाबलं की चालू.

सांडू बसला. पाय उचलावाच लागला नाही, नुसता सरकवला. दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. त्यानं बटण दाबलं. चालू झाली की नाही हे बघायला त्याला खाली वाकून कान लावावा लागला.

"ही काय गाडी हाय?" तो भडकला. "पाटावर जेवायला बसल्यावानी वाटतंय. हिच्यावर बसून मी मारू कुणाला? माझं तोंड समोरच्याच्या बगलेत जाईल."

"मारायचं वय राह्यलं का?" मी म्हटलं.

त्यानं माझ्यावर हात उगारला. गॅरेजमध्ये, लोकांसमोर. खांदा दुखला म्हणून की शफीकभाई मध्ये आला म्हणून, कुणास ठाऊक, पण तो हात तसाच खाली आला. मी मात्र त्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले होते. सहज बसले. तिथूनच सांगितलं, "हीच घ्यायची. मला सोनियाकडं जायचंय." आठवडाभर त्यानं अबोला धरला, दोन कप फोडले, आणि शेवटी घेतली. बुलेट शफीकभाईकडं सोडून आला तेव्हा वाटेत एका केळीवाल्याशी भांडून आला होता. रडता येत नाही अशा माणसांना भांडावं लागतं.

आमच्यात नवी गाडी आली की आधी गणपतीला दाखवायची आणि मग लेकीच्या दारी न्यायची. लेक गाडीला ओवाळते, तिच्या हातचं कुंकू लागलं की गाडी आपली झाली. राजाबाजारात संस्थान गणपतीला नारळ फोडला, पेढे घेतले आणि पैठण रोडला लागलो. "फोन नको करू," सांडू म्हणाला. "पोरगी एकदम खूश झाली पाहिजे." हे त्याचं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम म्हणायला हवं, आणि ते त्यानं नकळत केलं.

चितेगाव गेलं. ऊन चढलेलं होतं. डांबरी रस्ता सोडून आम्ही वस्तीकडं वळलो. कपाशीतून जाणारी ती कच्ची वाट, आणि गाडीचा आवाज इतका कमी की मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. गेट उघडं होतं. सांडू सरळ अंगणात घेऊन गेला. तेव्हा आवाज आला. थाड. मग परत, थाड. मी आवाज ओळखला. सांडूला आधी कळलं नाही, कारण त्यानं तो कधी या बाजूनं ऐकला नव्हता.

घराच्या बाजूला धुण्याच्या दगडापाशी ऋतुराजनं सोनियाची वेणी मनगटाला गुंडाळून धरली होती आणि दुसऱ्या हातात ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा होता. सोनिया ओरडत नव्हती. नुसती तोंड झाकून वाकली होती. "कंपनीत मुलाखतीला जाते? मला न इचारता?" तो म्हणत होता, आणि प्रत्येक शब्दाला एक फटका.

सांडू गाडीवरून उतरला. ओटा नाही, आधार नाही, कुणाचा हात नाही. नुसता पाय काढला आणि उभा राहिला. पुढचं मी सांगते ते वाचायला बरं वाटणार नाही. त्यानं हेल्मेट पट्ट्याला धरून फिरवलं आणि ऋतुराजच्या तोंडावर घातलं. नाक मोडल्याचा आवाज मला गाडीपाशी ऐकू आला. ऋतुराज 'मामा!' म्हणून ओरडला. दुसऱ्या घावाला दात पडला. सांडूनं त्याची मान बगलेत धरली, तालमीत धरतात तशी, आणि डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. रक्त सगळीकडं, दगडावर, साबणाच्या पाण्यात, सांडूच्या पांढऱ्या शर्टावर. सोनिया 'अण्णा बस, मरेल तो' म्हणून त्याच्या हाताला लोंबकळली, पण तो थांबेना. मला माहीत होतं तो थांबणार नाही. त्याला थांबता कधी आलंच नव्हतं.

त्याला थांबवलं गुडघ्यानं. परत तसाच मटकन खाली बसला. ऋतुराजनं ती संधी साधली. रक्तानं डोळे भरलेले असताना त्यानं नळी उचलली आणि सांडूच्या पाठीवर सपासप ओढली. एक, दोन. सांडूला उठता येईना. तेव्हा मी पुढं झाले. नळी मधूनच धरली, हिसकली आणि ऋतुराजच्या पायांवर मारली. परत मारली. तो कोलमडला तरी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर हात उचलला. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आरडाओरडा ऐकून शेजारच्या वस्तीवरची माणसं धावत आली. काकासाहेब फाट्यावरच्या हॉटेलात बसले होते, तेही कुणाच्यातरी गाडीवर आले. पोराला बाजेवर बसवला, नाकाला फडकं लावलं. सांडू तसाच मातीत बसलेला होता, धापा टाकत. सोनिया भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दंडावर काळे वळ होते, ताजे आणि जुने.

"मी दर महिन्याला येत व्हतो," सांडू तिला म्हणाला. "एका शब्दानं बोल्ली नाय तू. कामून?"

"तुमची बुलेट तिकडं रस्त्यावरच ऐकू यायची, अण्णा," सोनिया म्हणाली. "ती वळली की हा नळी खाली ठेवायचा. मला म्हणायचा, तोंड धू, च्या ठेव. तुमी गेटात येईस्तोवर सगळं आवरून व्हायचं. तुमी कधी खालीच उतरले नाय."

"आगं, पर सांगायचं तरी! बाप हाय मी तुझा."

सोनियानं माझ्याकडं पाहिलं. "आईनं कुणाला सांगितलं व्हतं?"

मला बजाजनगरचं आमचं घर आठवलं. गल्लीच्या टोकाला बुलेट वाजली की मी टीव्ही बंद करायची, सोनिया पुस्तक उघडून बसायची, घर आवरून गप्प व्हायचं. माझी पोरगी तिथंच शिकली होती. आम्हाला वाटायचं ती अभ्यास करते.

काकासाहेबांनी घसा खाकरला. पंचायतीची सवय असलेला माणूस, त्यांना वाटलं आता आपली पाळी आली. "हेच म्हणतो मी, सांडूराव," ते म्हणाले. "कोणत्या घरात नाय व्हत? तुमच्याबी घरात झालंच की. मोडला का तुमचा संसार? विहीणबाई राहिल्याच ना? पोरगं चुकलं, तुमी त्याला मारलं, फिटलं. च्या घ्या, मिटवून टाकू."

माणसं माना डोलवायला लागली. मला सांडू माहीत होता. चार माणसांत कुणी घरातलं काढलं की तो आधी नाकारणार, मग शिव्या देणार, मग मारणार. मी नळी अजून हातात धरून होते. मनाशी ठरवलं होतं, त्यानं 'नाही' म्हटलं तर पुढचा फटका त्याला.

सांडू भिंतीचा आधार घेत उभा राहिला. "व्हय, मारलंय मी हिला," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "लई मारलंय. दाढ पाडलीय. तरी राहिली ती. कामून राहिली, सांगू? तिचा बाप मेला व्हता, काकासाहेब. भावानं दार लावून घेतलं व्हतं. जायला जागा नव्हती तिला, आन् मला ते ठावं व्हतं. ठावं व्हतं म्हणून मारायचो." मग त्यानं सोनियाकडं बोट केलं. "हिचा बाप जिता हाय. ही इथं ऱ्हाणार नाय."

लोकांना ते बोलणं मोठं वाटलं. कुणीतरी 'शाब्बास' असंही पुटपुटलं. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हाच दगड उचलावा आणि याच्या डोक्यात घालावा. त्याचा तापट स्वभाव आहे, रागात भान राहत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते. त्याला भान होतं. माझ्या माहेरचं दार बंद आहे, हे बघून तो हात उचलत होता. लेकीसाठी तो खरं बोलला याचा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्याचा इतका राग आला की नळी धरलेली बोटं उघडेनात. दोन्ही एकदमच झालं, काय करणार.

सोनिया आत गेली आणि एका पिशवीत कपडे, कागद भरून बाहेर आली. सांडू गाडीकडं वळला तर ती आधीच गाडीवर बसली होती. लग्नानंतर दुधाचे कॅन डेअरीवर नेऊन नेऊन गाडी चालवायला शिकली होती ती. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून म्हणाली, "आई, बस."

"आन् मी?" सांडूनं विचारलं.

"जीप मिळंल फाट्यावर," सोनिया म्हणाली.

आम्ही दोघी आधी पोलिसांत गेलो, तिनं तक्रार दिली. पुढं ऋतुराजनंही सांडूविरुद्ध दिली. आता दोन्ही केसच्या तारखा पडतात आणि सोनिया, ऋतुराज, सांडू तिघंही एकाच कोर्टाच्या एकाच बाकावर बसून वाट बघतात. ते असो. त्या दिवशी पोलिसांतून आम्ही सरळ घराकडं निघालो. सोनिया हळू, नीट गाडी चालवत होती. मी तिच्या पाठीला हात लावला नाही, कारण लागलं असतं. मागच्या गादीला टेकून बसले.

घरी येऊन मी तिची पाठ शेकली, पिठलं टाकलं, भाकरी केल्या. दिवेलागणीला दारात पावलं वाजली. आज गाडी नव्हती, त्यामुळं आधी कळलं नाही. दार उघडंच होतं तरी सांडू आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. शर्टावर वाळलेलं रक्त, गुडघा सुजून भोपळा झालेला. जीपनं सोडलं तिथून आमच्या गल्लीपर्यंत लंगडत आला होता.

"येऊ का आत?" त्यानं विचारलं.

स्वतःच्या घराच्या दारात हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. सोनियानं खाली मान घातली. उत्तर मलाच द्यायचं होतं. मी तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि त्याच्याकडं न बघता म्हटलं, "बसा तिथंच ओट्यावर. आधी आम्ही जेवतो."

तो बसला. या घरात मी त्याच्याआधी कधी घास घेतला नव्हता. मी दोन ताटं वाढली, सोनियाच्या समोर बसले आणि सावकाश जेवले.